मत मागायला निघालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अंगाने लोखंडी, पाठीला आणि बैठकीला जाड कॅनव्हास, आणि एका पायाने थोडी लंगडी. 'खुर्ची' हे नाव ऐकून तुमच्यातले काही जण हसतील, कारण निवडणूक आली की आमच्या कुळाची फार बदनामी होते. "सगळं खुर्चीसाठी चाललंय," असे मोठी माणसे म्हणतात. मीही निवडणुकीत होते. पण माझ्यासाठी कुणी भांडले नाही, की माझ्यावर डोळा ठेवून कुणी भाषण केले नाही. एक बाई मला खांद्याला अडकवून दारोदार फिरल्या. त्या का फिरल्या, हे माझ्या लोखंडी डोक्यात शिरायला बराच काळ लागला. तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. काळी काच डोळ्यांसमोर धरलेल्या एका वेल्डरने माझ्या नळ्या जोडल्या, त्याच्या बायकोने माझे कापड शिवले आणि दोघांनी मिळून मला निळा रंग दिला. मग समारंभांना खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानात माझी रवानगी झाली. नवी होते तोवर माझा थाट काही विचारू नका! "नव्या खुर्च्या पुढच्या रांगेत लावा," असे मालक ओरडायचे आणि मी ऐटीत पुढे जायचे. लग्ने पाहिली, बक्षीस समारंभ पाहिले आणि भाषणे तर पोटभर ऐकली. वक्ता "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे" असे म्हणाला की माझ्यावर बसलेला माणूस आधी डावीकडे कलायचा, मग उजवीकडे आणि शेवटी घोरायला लागायचा. निवडणूक म्हणजे हेच, अशी माझी तेव्हा समजूत होती. एक जण वर उभा राहून बोलतो आणि बाकीचे खाली बसून पेंगतात.

एकदा टेम्पोत चढवताना मी खाली पडले आणि माझा मागचा पाय वाकला. तेव्हापासून मी डुगडुगू लागले. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेत आले, मागच्या रांगेतून दुकानाच्या कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातून थेट दाराबाहेर. तिथेच कंडक्टरबाईंनी मला पाहिले.

कंडक्टरबाई दुकानाच्या वरच राहत. सारी नोकरी त्यांनी टेकडीवर जाणाऱ्या बसमध्ये उभ्याने केली होती. बस वळली की लोक तोल जाऊन एकमेकांवर पडत, पण बाई दांडी न धरता उभ्या राहत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या गुडघ्यांनी सगळा हिशेब वसूल केला. चार पायऱ्या चढल्या की त्यांना टेकावे लागे.

"ही खुर्ची देता का मला?" त्यांनी मालकांना विचारले.

"न्या की, ताई. पण लंगडी आहे हो ती."

"मग जमेल आमचं," बाई म्हणाल्या. "मी तरी कुठे सरळ चालते?"

घरी नेऊन त्यांनी माझ्या पायाला रबराचे बूट बसवले आणि जुन्या बॅगेचा पट्टा माझ्या नळीला बांधला. त्यांची सूनबाई कणीक मळता मळता हे सगळे बघत होती. ती एका औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी असायची आणि फार बोलायची नाही. पण त्या दिवशी तिला राहवले नाही.

"आई, ही खुर्ची कशाला?"

"प्रचाराला. जिना चढायचा, टेकायचं, पुन्हा चढायचा."

"या वयात लोकांच्या दारात उभं राहायचं? चार लोक चार गोष्टी बोलतील. आणि तुम्हाला काय मिळणार आहे त्यातून?"

कंडक्टरबाईंनी पट्ट्याची गाठ पक्की केली. "ते मलाही नीट माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "कळलं की सांगते."

प्रकरण असे होते, मित्रांनो. टेकडीवर जाणारी ती बस नगरपालिकेने बंद केली होती. 'प्रवासी कमी' हे कारण. जे थोडे प्रवासी होते ते कोण होते, हे मात्र कुणी विचारले नव्हते. त्यांतल्या एक होत्या शिंपीमास्तरांच्या बायको. त्यांची मूत्रपिंडे थकली होती, म्हणून एक दिवसाआड त्यांना दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. बस होती तोवर त्या खिडकीजवळ बसून जात आणि खिडकीजवळ बसून येत. बस गेल्यावर त्या अन् मास्तर उतरण पायी उतरू लागले. येताना तोच चढ. वाटेत दगडी कठडा होता, त्यावर बसून त्या डोळे मिटून घेत आणि मास्तर शेजारी छत्री धरून उभे राहत.

त्याच दवाखान्यातल्या एक नर्स नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. बस पुन्हा सुरू करायची, हे त्यांचे पहिले वचन होते. त्यांच्यामागे ना गाड्यांचा ताफा, ना मोठा पक्ष. होती ती अशी माणसे – गुडघे दुखणाऱ्या कंडक्टरबाई आणि त्यांच्या जोडीला शिंपीमास्तर.

मास्तरांबद्दल सांगायचे तर त्यांचे तोंड म्हणजे कुलूप. गिऱ्हाइकाला "सैल की घट्ट?" इतके विचारले की त्यांचे दिवसभराचे बोलणे संपायचे. पहिल्या दिवशी पहिल्या दारापुढे ते उभे राहिले, दार उघडले आणि त्यांनी हातातले पत्रक पुढे केले. आतल्या बाई म्हणाल्या, "काय आहे?" मास्तर म्हणाले, "हे." आणि गप्प.

दार बंद झाले. कंडक्टरबाई जिन्यात माझ्यावर बसून पोट धरून हसत होत्या. "अहो मास्तर, 'हे' म्हणजे काय? धोब्याची पावती आहे का?"

मास्तरांना घाम फुटला होता. "ताई, मला जमणार नाही. मी आपला पत्रकं धरतो, तुम्ही बोला."

मग तसेच ठरले. मी कधी इतके जिने पाहिले नव्हते. भाड्याची होते तेव्हा मी मैदानात उभी असायचे आणि माणसे माझ्याकडे यायची. आता मी माणसांकडे जात होते. काही दारांना आतून साखळी असायची आणि फटीतून एकच डोळा दिसायचा. काही घरांत टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि घरात कुणी नसल्याचे सोंग व्हायचे. एकाने तर "घरात कोणी नाही!" असे स्वतःच आतून ओरडून सांगितले. "बरं, कोणी आलं की सांगा हं आम्ही येऊन गेलो," असे कंडक्टरबाई तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, आणि आतून हसू फुटल्याचे मी स्वतः ऐकले. दार मात्र उघडले नाही.

अपमानही झाले. "निवडणूक आली की बरे उगवता," असे एक जण म्हणाले. दुसऱ्याने पत्रक डोळ्यांदेखत फाडले. कंडक्टरबाईंनी ते तुकडे वाकून गोळा केले, कारण जिना झाडणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. अशा वेळी त्या माझ्यावर जरा जोरात बसत. पण पुढच्या दाराची घंटी वाजवताना त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा असे.

मास्तर एकदा म्हणाले, "ताई, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की! पण आयुष्यभर मी घंटी मारली की बस थांबायची. आता बसच नाही, म्हणून लोकांच्या घंट्या मारते. कोणी थांबतं, कोणी नाही."

मित्रांनो, मास्तरांचे कुलूप उघडले तो दिवस मला चांगला आठवतो. एका नव्या इमारतीत, चकचकीत लाकडी दार होते. ऑफिसातून नुकतेच आलेले एक गृहस्थ दारात उभे होते. त्यांनी पत्रक वाचले आणि शांतपणे म्हणाले, "बस कशाला पाहिजे? आता सगळ्यांकडे गाड्या आहेत. रिकामी बस फिरवायची म्हणजे पालिकेचं नुकसान." ते काही उद्धट नव्हते, त्यांना खरोखर तसे वाटत होते. कंडक्टरबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला.

"माझी बायको त्या बसने जायची."

आम्ही दोघींनी वळून पाहिले. मास्तर बोलत होते. नजर पत्रकांवर, पण बोलत होते. "ती आजारी आहे. यंत्रावरून उतरली की तिच्या पायात बळ नसतं. बस होती तेव्हा ती खिडकीत बसून दुकानांच्या पाट्या वाचत यायची. मला सांगायची, आज अमुक दुकान नवं लागलंय. आता ती वाटेत काहीच वाचत नाही. तिचं सगळं लक्ष पायांकडे असतं." ते थांबले. "बस रिकामी नव्हती, साहेब. ती असायची तिच्यात."

मत देईन असे गृहस्थ म्हणाले नाहीत की नाही असेही म्हणाले नाहीत. त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवले, एवढे मी पाहिले. जिना उतरताना मास्तर कपाळ पुसत होते. "फार बोललो का हो?" त्यांनी विचारले. कंडक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. "अहो, आज तुम्ही वर्षभराचा कोटा संपवलात," त्या म्हणाल्या. त्यानंतर मात्र दारांपुढे मास्तर स्वतःहून पुढे होऊ लागले.

आता चौथ्या मजल्याची गोष्ट. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी इमारत होती. तिची लिफ्ट बंद पडली होती आणि तिच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी इतके दिवस लटकत होती की पाटीलाच दुरुस्तीची गरज होती. कंडक्टरबाई प्रत्येक मजल्यावर मला उघडत, बसत, उठत असे करत चौथ्या मजल्यावर पोचल्या. घंटी वाजवली. बराच वेळ काही नाही. मग आतून काठी घासत आल्याचा आवाज आला आणि साखळीच्या फटीतून एक म्हातारा चेहरा दिसला.

"मत ना? नाही देणार," चेहरा म्हणाला. "मत मागायला सगळे वर येतात. मला खाली न्यायला कोणी येत नाही."

"काका, मी मत मागायला आले होते," कंडक्टरबाई धापा टाकत म्हणाल्या, "पण आता आधी जरा श्वास मागते." आणि त्या दारापुढे माझ्यावर मटकन बसल्या.

म्हाताऱ्याला दार लावता येईना. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणे जरा अवघडच असते. हा माझा गुण मला त्या दिवशी कळला. थोड्या वेळाने साखळी निघाली आणि पाण्याचा पेला बाहेर आला. ते क्रेनवाले आजोबा होते. बंदरावर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून जहाजांवरचा माल उतरवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता पायांतले बळ गेले होते. मुलगी दूरच्या गावी होती, शेजारीण डबा आणून देई, आणि लिफ्ट बंद पडल्यापासून ते जमिनीवर उतरलेच नव्हते.

"सगळं आयुष्य उंचावर बसलो," ते म्हणाले. "तेव्हा संध्याकाळी खाली यायला मिळायचं."

निघताना त्यांनी स्पष्ट सांगितले, "बाई, पाणी दिलं म्हणून मत दिलं असं समजू नका. आत्ताच्या नगरसेवकांना मी मागे दोनदा मत दिलंय. माणूस वाईट नाही."

"नका देऊ आम्हाला," कंडक्टरबाई म्हणाल्या. "पण द्या तरी कुणाला. तुम्ही मोजलेच गेला नाहीत, तर खाली कोणाला कळणार तुम्ही वर आहात ते?"

आजोबांनी साखळी लावून घेतली. पण कंडक्टरबाई पुन्हा गेल्या. नंतरही जात राहिल्या. ही गोष्ट सिस्टरच्या कानावर गेली तेव्हा त्या काळजीने म्हणाल्या, "ताई, चौथ्या मजल्यावर एकच माणूस, तोही बहुतेक समोरच्यांचा. तेवढ्या वेळात खालची अख्खी गल्ली होईल हो. शिवाय तुमचे गुडघे."

"सिस्टर, शेवटच्या स्टॉपला एकच पॅसेंजर असला तरी बस सुटतेच," कंडक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर आपल्यात आणि बस बंद करणाऱ्यांत फरक काय?"

सिस्टरनी आपल्या पिशवीतून गुडघ्याला बांधायची पट्टी काढून बाईंच्या हातात ठेवली.

मतदानाचा दिवस उजाडला. सकाळपासून धावपळ होती. दुपार कलली तेव्हा कंडक्टरबाई, मास्तर आणि मी चौथ्या मजल्यावर गेलो. पाहतो तर दारात आधीच एक धिप्पाड तरुण उभा! त्याच्या छातीवर समोरच्या पक्षाचा बिल्ला होता. हा तरुण लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता आणि याच इमारतीची लिफ्ट त्याच्याकडे होती. एक भाग कंपनीकडून आला नव्हता, म्हणून त्याचे हात बांधलेले होते आणि लोकांचे टोमणे मात्र मोकळे होते.

"मावशी, आजोबा आमचे मतदार आहेत," तो म्हणाला. "मी न्यायला आलोय."

"कसं नेणार? तुझी लिफ्ट तर झोपलीय."

"पाठीवर घेईन."

"आणि जिन्यात पडलास म्हणजे?"

दोघांचा आवाज चढू लागला. तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली. क्रेनवाले आजोबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते. मुठीत दाराची चौकट घट्ट धरली होती.

"ऐका दोघं," ते म्हणाले. "मी मत कुणाला देणार ते सांगणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. हे चालत असेल तर मला उचला. नसेल तर घरी जा."

समजून घ्या, मित्रांनो. त्या दोघांनी कित्येक दिवस उन्हातान्हात चपला झिजवल्या होत्या. हा एक माणूस खाली नेला, तर मत आपल्याला पडेल की समोरच्याला, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

पहिल्यांदा कंडक्टरबाई बोलल्या. "पॅसेंजरनं कुठल्या स्टॉपवर उतरायचं, ते कंडक्टरनं विचारायचं नसतं. बसा, काका." आणि त्यांनी मला उघडले.

तरुणाने क्षणभर विचार केला. मग छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. "बसा, आजोबा. आज मीच लिफ्ट."

मास्तरांनी आतून चादर आणून आजोबांना माझ्या पाठीशी बांधले. शिंप्याची गाठ ती, आवळतही नव्हती आणि सुटतही नव्हती. पुढून तरुणाने धरले, मागून मास्तरांनी. मास्तर बिचारे काडी पैलवान, पण त्या दिवशी त्यांच्या दंडात कुठून जोर आला कोण जाणे. कंडक्टरबाई एका हाताने कठडा धरून पुढे उतरू लागल्या. "सावकाश. पुढे वळण आहे. मास्तर, तुमच्या बाजूची पायरी तुटकी आहे. थांबा! हां, चला."

आणि मी? माझ्या वाकड्या पायातला जुना सांधा कुरकुरू लागला. पुढच्या रांगेचा तो सगळा थाट मी केव्हाच विसरले होते. आता एकच विचार होता, हा सांधा आज निसटता कामा नये. माझ्यावर नुसते एका माणसाचे वजन नव्हते. त्याने कितीतरी महिन्यांनी कुणावर तरी टाकलेला विश्वास होता.

दुसऱ्या मजल्यावर आजोबांनी माझी नळी इतकी घट्ट धरली की त्यांची बोटे पांढरी पडली. "भीती वाटतेय, काका?" कंडक्टरबाईंनी विचारले.

"वाटतेय," आजोबा म्हणाले. मग एकदम त्यांच्यातला जुना कामगार जागा झाला. "अरे, ओझं झुलू देऊ नका! पुढचा, तू खाली वाक. मागचा, तू घाई करू नकोस. ओझं उतरवताना हळू उतरवायचं असतं, टाकायचं नसतं!" मग काय, माल स्वतःच हुकूम देऊ लागला आणि सगळे हसू लागले. आवाज ऐकून दारे उघडली. साखळ्या निघाल्या. ज्या घरांत एरवी 'कोणी नसायचे' त्या घरांतूनही माणसे बाहेर आली. "आजोबा, तुम्ही खाली?" असे म्हणत एक बाई चप्पल घालून बरोबर निघाली. तिच्यामागे तिचा नवरा आला. "म्हातारा माणूस जातोय, आणि आपण टीव्ही बघतोय," असे ती त्याला जिन्यात सुनावत होती.

पहिल्या मजल्यावर सगळे दम खायला थांबले. कंडक्टरबाईंनी तरुणाला विचारले, "तू रे, कशासाठी फिरतोस त्यांच्यासाठी?"

तो भिंतीला टेकून म्हणाला, "माझे वडील दवाखान्यात गेले तेव्हा आमच्याकडे कोणी नव्हतं. नगरसेवक साहेब आले आणि शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. भाषण नाही, काही नाही. नुसते उभे राहिले. मी ते विसरू शकत नाही, मावशी."

"विसरूही नकोस," कंडक्टरबाई म्हणाल्या. मास्तरांनी आपल्या बाटलीतले पाणी आधी त्याला दिले.

मतदान शाळेच्या एका वर्गात होते. दारापाशी प्रचाराच्या माणसांना मज्जाव होता. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "खुर्ची आत येऊ दे. माणसं बाहेर." दोन कर्मचाऱ्यांनी मला उचलले. कंडक्टरबाई, मास्तर आणि तो तरुण दारात थांबले. इतके दिवस मी ज्यांच्या खांद्यावर फिरले त्या बाहेर, आणि मी आत! पुठ्ठ्याच्या आडोशामागे आता आजोबा होते आणि मी. तिसरे कोणी नव्हते.

मतदान तेव्हा कागदी मतपत्रिकेवर होते. आजोबांनी शिक्का उचलला. मग त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले आणि शिक्का मारला.

मित्रांनो, तो कुठे मारला, हे मी पाहिले. कंडक्टरबाईंना ते माहीत नाही. त्या तरुणाला माहीत नाही. आता आजोबाही या जगात नाहीत. ते फक्त मला माहीत आहे. खुर्चीला पाय असतात, हात असतात, पाठ असते, पण तोंड नसते, याचे मला पूर्वी वाईट वाटायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अभिमान वाटला. तुम्हालाही मी ते सांगणार नाही.

सिस्टर हरल्या. थोड्याच मतांनी, पण हरल्या. निकालाच्या दिवशी कंडक्टरबाई घरी येऊन पलंगावर पडल्या. त्यांचे गुडघे भोपळ्यासारखे सुजले होते. सूनबाईने तेल गरम करून आणले आणि ती पायाशी बसली.

"कळलं का, आई?" तिने चोळता चोळता विचारले. "काय मिळालं ते?"

मला वाटले, ती टोमणा मारते आहे. पण तिचा हात फार हळुवार होता.

"नोकरीत हजारो माणसं चढली, उतरली," कंडक्टरबाई छताकडे बघत म्हणाल्या. "मी फक्त त्यांचे हात बघितले. तिकीट घेणारे हात. तोंडाकडे बघायला वेळच नव्हता गं. या वेळी एकेक तोंड बघितलं." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "आणि हरलो तर हरलो. पण आम्ही गेलोच नसतो, तर ते हरणंसुद्धा आमचं नसतं."

पुढे काय झाले तेही सांगते. त्या तरुणाने कंपनीच्या इतके पाठी लागून तो भाग मागवला, की अखेर लिफ्ट सुरू झाली. "पुन्हा चार मजले उचलणं मला परवडणार नाही," असे तो हसून सांगायचा. आजोबा संध्याकाळी खाली येऊन फाटकापाशी बसू लागले. आणि एके दिवशी कंडक्टरबाई, मास्तर, आजोबा आणि तो तरुण असे सगळे मिळून निवडून आलेल्या नगरसेवकांकडे गेले. आजोबा अर्थातच माझ्यावर बसले. मास्तर बोलले. तरुण नुसता शेजारी उभा राहिला, पण नगरसेवक त्याच्याकडेच पाहत होते. पूर्वीची बस काही परत आली नाही. सकाळी एक लहान गाडी मात्र सुरू झाली. परतीचा चढ अजून पायीच आहे. पण जाताना मास्तरांच्या बायको खिडकीजवळ बसतात.

मग माझेही दिवस पालटले. आजोबा गेले. कंडक्टरबाईंचे गुडघे आता जिना म्हटला की नकार देतात. माझे कापड विरले, रंग उडाला, आणि मला गॅलरीत ठेवून माझ्यावर एक कुंडी ठेवली गेली. कुंडीचे पाणी ठिबकून माझा सांधा गंजू लागला. उन्हात तापायचे, रात्री गार पडायचे आणि खालून येणारे पावलांचे आवाज ऐकायचे, एवढेच काम उरले. मी तक्रार केली नाही. पण खांद्यावरच्या पट्ट्याची आठवण यायची.

परवा पुन्हा निवडणूक लागली. सिस्टर पुन्हा उभ्या आहेत. घरात तोच विषय निघाला.

"आई, तुम्ही जायचं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"नाही गं जात. पण मास्तर एकटे किती दारं करतील?"

सूनबाईने भांडी घासली, ओटा पुसला, दुकानाच्या वेळेचे काहीतरी फोनवर ठरवले. मग ती गॅलरीत आली. तिने कुंडी उचलून बाजूला ठेवली, ओल्या फडक्याने माझ्या नळ्या पुसल्या आणि सांध्यात तेल सोडले.

"नुसतं बघून येते," ती आत पाहून म्हणाली. "माझे पायही दिवसभर उभं राहून दुखतातच. ही असू दे बरोबर."

कंडक्टरबाईंनी तोंड फिरवले. डोळे भरले की त्या असेच तोंड फिरवतात, हे मला ठाऊक होते.

आज आम्ही पहिल्या दारापुढे उभ्या आहोत. सूनबाईच्या हातात पत्रके आहेत आणि काय बोलायचे ते ती मनात पुन्हा पुन्हा म्हणते आहे. मास्तर मागून हळूच म्हणत आहेत, "नुसतं 'हे' म्हणू नका म्हणजे झालं."

मित्रांनो, कदाचित ते दार तुमचे असेल. मत कुणाला द्यायचे ते तुमच्या घरातल्या मोठ्यांनी ठरवावे आणि ते गुपित ठेवावे. येणाऱ्याचे म्हणणे पटले नाही तर तसे सरळ सांगावे. पण दारात उभा असलेला माणूस चार जिने चढून आला आहे आणि परत चार उतरणार आहे, हे ध्यानात ठेवा. त्याला पाणी विचारा. आणि घरात एखादी खुर्ची असेल, नवी असो, जुनी असो, लंगडी असो, तर ती पुढे करा. त्याच्या गुडघ्यांना बरे वाटेल. आणि त्या खुर्चीला काय वाटेल, ते माझ्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?